मामांच्या पडद्यावरची रांग

आमच्या वहिनीच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या कल्याणात झाला नाही, आणि इतका हळवाही. फक्त हळवेपणा कुणाला दिसला की ते चिडायचे. मेळ्यांचे, नाटकांचे पडदे रंगवणं हा त्यांचा उद्योग. त्यांनी काढलेला प्रत्येक माणूस देवासारखा दिसे. एका वकिलांची तसबीर त्यांनी काढली, ती थेट प्रभू रामचंद्रांची झाली. वकील खूश, वकिलीणबाई म्हणाल्या, "छान आहे, पण हे कोण?" जेवताना आमटीत बोट बुडवून ते पाटावर ढग काढत, आणि मामींनी फडकं आणलं की ओरडत, "अगं थांब, वाळू दे!"

फाळणीनंतर गावाबाहेरच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले. गोणपाटाचे आडोसे करून त्यांनी संसार मांडले, पापड लाटून विकायला सुरुवात केली. मामा रोज तिकडे जाऊन बसू लागले. त्या वर्षी आमच्या आळीच्या गणपतीमागे कैलास रंगवायचा ठरला होता. मामांनी पडदा सोडला, तर त्यावर बराकी, आणि एका नळापुढे हंडे-डबे घेतलेल्या माणसांची लांबच लांब रांग. मामांनी काढलेली माणसं पहिल्यांदाच माणसांसारखी दिसत होती.

"अहो, कैलास कुठाय?" मंडळी ओरडली.

"नळाला पाणी आलं की दिसेल," मामा म्हणाले.

बघायला छावणीतली माणसंही आली. एका म्हाताऱ्याने सगळी रांग निरखली आणि म्हणाला, "मास्टरजी, इसमें मेरी घरवाली नहीं है." ती बराकीतच तापाने गेली होती. मामांनी आरती खोळंबवली, शिडी लावली, म्हातारा सांगेल तशी एक हसरी बाई रांगेत उभी केली. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर से मटका उतार दो. थक जाती थी."

मामांनी हंडा पुसला.

मग लोक येतच राहिले. कुणाचा भाऊ वाटेत राहिलेला, कुणाची आई. एका बाईचं तर बारसंही न झालेलं मूल. उत्सव संपला, तरी मामा घरच्या पडवीत पडदा टांगून रंगवत होते. शेवटी रांग कापडाच्या काठाला टेकली, आणि एक तरुण मुलगी नवऱ्यासाठी आली. मामा जागा शोधत राहिले.

मी म्हटलं, "मामा, दुसरं कापड जोडू या."

"आणि तेही भरलं म्हणजे?" मामा म्हणाले. मुलीकडे न बघता त्यांनी मान हलवली. तीच उलट त्यांना म्हणाली, "कोई बात नहीं, बाबूजी," आणि पदर सावरून निघून गेली.

मामांनी त्यानंतर माणूस काढला नाही. नाटकांसाठी डोंगर, नदी, झाडांतून येणारी पायवाट, एवढंच. पडदे सुरेख असत. वाट अशी रिकामी का, म्हणून मी एकदा विचारलं. मला वाटलं, चिडतील.

"येतील रे," ते म्हणाले. "लांबून यायचंय त्यांना."