निळ्या दोऱ्याची बाटली

हसणारच तुम्ही, पण आधी हातातला चहा संपवा. का, ते शेवटी कळेल!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, म्हणजे अख्ख्या गावात अक्कल फक्त मलाच, अशी माझी खात्री होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. सुनंदा, म्हणजे आमची बायको, वरवर हसायची. आतून ती किती झुरत होती ते मला दिसत होतं.

तिचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्याने परदेशातून एक डबी आणून दिली. दिवस गेलेत की नाही ते घरच्या घरी सांगणारी! सकाळच्या लघवीचे थेंब काचेच्या नळीत टाकायचे, दोन तास नळी हलवायची नाही. तळाशी तपकिरी कडं दिसलं, तर बातमी गोड.

आणि त्या महिन्यात सुनंदाची पाळी चुकली.

"डॉक्टरीणबाईंना दाखवू या का हो?" ती म्हणाली.

"घरात विज्ञानाचा मास्तर असताना?"

दिवस नेमका श्रावणीचा. भटजी येणार, जानवं बदलायचं, पंचगव्य घ्यायचं. सुनंदाने खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरून मागच्या दारच्या कोनाड्यात ठेवला. आईने शेजारच्या गोठ्यातून आणलेलं गोमूत्रही तिथेच. बाटली डिट्टो तसलीच! आमच्या आळीत सगळे एकच औषध प्यायचे.

एका बाटलीच्या गळ्याला निळा दोरा होता. आता मला सांगा, दोरा बांधलेली वस्तू कुठली असणार? देवाधर्माचीच! एवढं शेंबडं पोरही सांगेल. ती मी भटजींपुढे ठेवली आणि दुसरीतले थेंब नळीत सोडले.

मग दोन तास, "पाय आपटू नका, नळी हादरेल!" म्हणून घर डोक्यावर घेतलं. मधेच पंचगव्य घेताना वाटलं, नळी आहेच, पण पोर हवंय तर देवाच्याही कानावर घालावं. म्हणून पुन्हा हात पुढे केला.

"घ्या, घ्या!" भटजी कौतुकाने म्हणाले.

नळीत कडं नव्हतं.

"नाही," मी निकाल दिला. सुनंदा चुलीपुढे बसून रडली. मलाही फार वाईट वाटलं.

आई भडकली. "मेल्या, चार दिवस तिला भाताचा वास सोसवत नाही, नि तुझी नळी काय सांगत्ये?"

"परदेशी नळी आहे ती, आई. खोटं बोलत नाही."

पंधरा दिवसांनी आईच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दोघी परतल्या त्या पेढे घेऊन! मी आनंदाने नाचलो, आणि लगेच परदेशी मालाला शिव्या घालायला बसलो.

"पण बाटली बरोबर घेतलीत ना?" सुनंदाने विचारलं. "घोटाळा नको म्हणून मी माझ्या बाटलीला मुद्दाम निळा दोरा बांधला होता."

पेढा माझ्या हातातच राहिला.

आईला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "म्हणजे नळी खरंच बोलली हो," ती म्हणाली. "शेजारची गाय गाभण नाही. आणि मेल्या, दुसऱ्यांदा तर तू मागून घेतलंस!"