सोवळ्यातला मग

‘मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही,’ असं माझ्या वडिलांनी लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांना पत्रात लिहून दिलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. सुपारी मी कधी तोंडात टाकली नव्हती. बिअरबद्दल पत्रात काहीच नव्हतं!

आमचे सासरे, म्हणजे नाना, कराडच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. इंग्रजी शिकवायचे. ते पत्र त्यांनी सुनंदाच्या जन्मपत्रिकेबरोबर ट्रंकेत जपून ठेवलं होतं. गंमत म्हणजे स्वतः नानांना सुपारी लागायची. कोटाच्या खिशात पितळी अडकित्ता आणि चंची कायम. (त्या व्यसनाचा त्रास ठाऊक असल्यामुळेच जावई बिनसुपारीचा हवा होता म्हणे.)

नव्वदच्या दशकात आम्ही बर दुबईत, मीना बाजारच्या मागे राहायचो. शुक्रवारी सुट्टी. सकाळी खाडीजवळच्या देवळात जायचं आणि तिथून दोन गल्ल्या पलीकडे एका जुन्या हॉटेलच्या तळमजल्यावरचा पब गाठायचा, हा माझा नेम. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार. झिजलेला लाल गालिचा, काळपट लाकडी खांब, भिंतीवर डार्ट्सची तबकडी. काउंटरच्या वर पितळी आकडे होते आणि त्यांना जुन्या गिऱ्हाइकांचे काचेचे मग टांगलेले असायचे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नाव. कंपनीने मला पाच वर्षांत बढती दिली नाही, पण पबने तीन वर्षांत मग दिला. मला त्याचा फार अभिमान होता.

सुनंदाला हे सगळं माहीत होतं. नाना दोन महिन्यांसाठी येणार असं ठरलं, तेव्हा ती म्हणाली, “अहो, नानांना कळलं तर ते तुम्हाला काही बोलणार नाहीत. फक्त ते पत्र तुमच्या वडिलांना परत पाठवतील.”

वडिलांनी ते पत्र मनापासून लिहिलं होतं. माणूस साधा, आयुष्यात कुणापुढे खोटा पडलेला नव्हता. त्यांना माझ्यापायी खोटं पडावं लागलं असतं! दोन महिने पबच्या गल्लीतूनसुद्धा जायचं नाही, अशी मी शपथ घेतली. ती पहिल्याच शुक्रवारी मोडली.

देवदर्शन करून आम्ही बाहेर पडलो. नाना धोतर, कोट, टोपी आणि कोल्हापुरी अशा थाटात, हातात प्रसादाचा द्रोण. नमाजाची वेळ झालेली, त्यामुळे दुकानांची शटरं खाली, टॅक्सीचा पत्ता नाही. तेवढ्यात नाना थांबले.

“विनायकराव, इथे जवळपास सोय आहे का हो?”

“घरी जाऊ या ना, नाना. वीस मिनिटं फक्त.”

“वीस मिनिटं निघणार नाहीत,” नाना ठामपणे म्हणाले.

आता जवळपास उघडी असलेली एकच जागा होती. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि सासऱ्यांना पबच्या दारात नेलं.

दारवानाने कडक सलाम ठोकला. “आइए साब! चप्पल वैसे अलाउड नहीं है, लेकिन आपके मेहमान हैं तो चलेगा!”

“हा तुम्हाला ओळखतो?”

“दुबईत सगळेच सगळ्यांना ओळखतात, नाना,” असं म्हणत मी त्यांना बाथरूमच्या दिशेने पिटाळलं आणि काउंटरकडे धावलो.

काउंटरच्या मागे फ्रान्सिस होता, आमचा वसईचा बारमन. त्याने मला पाहताच सवयीने माझ्या मगाकडे हात नेला.

“ए बाबा, तो मग लपव! सासरे आलेत. आज तू मला ओळखत नाहीस!”

फ्रान्सिस गंभीर झाला. “साहेब, दुसरं काय पण सांगा. खोटं नाय बोलणार. सकाळीच चर्चला कन्फेशन करून आलोय.” (तिथे शुक्रवारीच सुट्टी, म्हणून चर्चची मिस्साही शुक्रवारीच भरगच्च!)

“उद्या परत कर ना कन्फेशन!”

“असं नसतं ते, साहेब.”

मी स्वतःच मग काढायला टाचा उंचावल्या, तेवढ्यात पाठीत दणका बसला. बॉब. जहाजांवरून निवृत्त झालेला म्हातारा इंग्रज. “विनी! नो सिंगिंग टुडे?” असं तो गरजला आणि माझ्यामागून आवाज आला, “तुम्ही इथे गाता?”

नाना परतले होते.

“भजन, नाना. कधीतरी,” मी म्हणालो. बॉबने ज्या गाण्याची आठवण काढली होती, त्यातला एकही शब्द भजनात बसण्यासारखा नव्हता.

नानांनी चष्मा पुसला. पेपर तपासायला घेतल्यासारखी त्यांची नजर एकेका बाटलीवरून फिरली आणि आकड्यांपाशी थांबली. त्यांनी मोठ्याने वाचलं, “व्ही, आय, एन, ए, वाय, ए, के.” मला घाम फुटला. एसी चालू असताना!

“हा मग यांचा?” नानांनी फ्रान्सिसला विचारलं.

“हो सर.”

“फक्त यांचा? दुसऱ्या कुणाला देत नाही?”

“नाय सर. दुसऱ्या कुणाचा हात पण लागत नाय त्याला. धुतो पण वेगळा.”

प्रत्येक शब्द खरा! मी डोळे मिटून घेतले. वडिलांचा चेहरा समोर आला. आणि माझ्या खांद्यावर नानांचा हात पडला.

“विनायकराव,” नानांचा आवाज चक्क भरून आला होता, “ऑफिसच्या लोकांबरोबर असल्या जागी यावं लागत असेल, ते मी समजू शकतो. पण इथेही तुम्ही आपलं भांडं वेगळं ठेवलंत! अहो, आजकाल घरात सोवळं पाळत नाहीत, तुम्ही ते दारूच्या गुत्त्यात पाळलंत!”

मी मान खाली घातली. नानांना तो विनय वाटला.

“ताक मिळेल का तुमच्याकडे?” त्यांनी फ्रान्सिसला विचारलं.

“लबान आहे सर, किचनमध्ये. इथलं ताकच ते.”

“मग यांना यांच्या भांड्यात द्या. आणि मला शब्द द्या, या भांड्यात कधी दारूचा थेंब पडणार नाही.”

फ्रान्सिसने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या क्रॉसला हात लावला आणि म्हणाला, “शब्द दिला, सर. आजपासून नाय पडणार.” (‘आजपासून’कडे नानांचं लक्ष गेलं नाही. देव फ्रान्सिसचं भलं करो.) मग नानांनी साऱ्या पबला खडीसाखर आणि खोबरं वाटलं. बॉबने उजवा हात पुढे करून प्रसाद घेतला आणि बिअरबरोबर खाऊन पुन्हा मागितला!

घरी नानांनी ही हकिकत इतक्या कौतुकाने सांगितली की सुनंदाला पदर तोंडाला लावावा लागला. मग डोळे पुसत ती म्हणाली, “नाना, तुम्ही दर शुक्रवारी जात जा यांच्याबरोबर. यांनाही सोबत होते.”

आठ शुक्रवार! आठ शुक्रवार मी माझ्याच पबमध्ये, माझ्याच मगातून ताक प्यायलो. शेजारी बॉब गार बिअर घ्यायचा आणि नाना त्याला शब्दकोडं सोडवून द्यायचे. दोघांची गट्टी जमली. मी ताकाच्या पांढऱ्या मिशा पुसत बसायचो. माझा पडलेला चेहरा पाहून दुसऱ्या शुक्रवारी नानांनी चंची उघडली.

“ताकावर थोडी सुपारी घ्या. बरं वाटेल.”

“पण नाना, ते पत्र...”

“अहो, एवढ्याशा खांडाने काय होतंय!”

सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? तिसऱ्या शुक्रवारी दोन खांडं झाली. चौथ्याला मीच हात पुढे केला.

जाताना विमानतळावर नानांनी अडकित्ता माझ्या हातात ठेवला. “शुक्रवारी लागेल तुम्हाला,” म्हणाले. घरी पोचताच त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं, ‘आपला शब्द खरा आहे. मी स्वतः पबमध्ये आठ वेळा बसून खात्री केली.’ ते वाचून वडिलांना आनंद झाला की धक्का बसला, ते मी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी धावतच पब गाठला. “फ्रान्सिस, नेहमीचं! यल्ला, लवकर!” त्याने माझ्यासमोर मग ठेवला. आत लबान.

“नानांना शब्द दिलाय, साहेब. बिअर पायजे तर ग्लासात देतो.”

ग्लासात घेतली. पण माझा मग समोर असताना ग्लासातून पिणं म्हणजे स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून गेल्यासारखं वाटलं. बाजूची खुर्ची रिकामी होती. नानांची इतकी आठवण आली की अर्धा ग्लास तसाच टाकून मी खिशातला अडकित्ता काढला. हळूहळू बिअर सुटलीच.

काही वर्षांनी ते हॉटेल पाडलं. फ्रान्सिसने मग वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणून दिला. आज नाना नाहीत, वडील नाहीत, आम्ही पुण्यात आहोत आणि मग कपाटात आहे. अडकित्ता त्यातच असतो.

परवा डॉक्टरांनी विचारलं, “काही व्यसन?”

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, “दारू नाही, सिगारेट नाही. फक्त सुपारी. तीही माझ्या वडिलांनी लावली!”

वडिलांनी पत्रात एकाच व्यसनाची हमी दिली होती. मी पठ्ठ्याने शोधून तेवढंच लावून घेतलं!