बुटाची नाडी

आज ऑनलाइन वर्गात फ्रेंच विद्यार्थ्यांना ‘टेक ऑफ’चे अर्थ शिकवताना टेबलावरच्या झेंडूचा वास आला आणि मी पूर्वी कामाला होते त्या शिरूरच्या कारखान्यातली खंडेनवमी आठवली.

मशिनीच्या पूजेला फ्रेंच इंजिनिअर बूट घालूनच उभे होते. बूट काढायला ‘टेक ऑफ’ म्हणून सांगितलं, पण त्याचा अर्थ विमान उडणं, एवढंच त्यांना ठाऊक.

“इंग्रजीत दोनदा नापास तू, काय समजावणार?” सुपरवायझर मामा म्हणाले.

“त्यांना समजंपर्यंत हलणार न्हाई, मामा.”

मी वाकून नाडी सोडली, बूट काढले. मग टोपी, मग हातमोजे. दर वेळी मी मोठ्यानं म्हणाले, “टेक ऑफ!” ते हसले, बूट काढून शेजारी उभे राहिले.

आता कळतं, तिथंच मी नापासाची लाजही काढून ठेवली होती. पूजेनंतर बूट परत घातले. ती नाही.