वळणावरचं वानर

आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको: मी वाढवून सांगणारा माणूस आहे. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासा तीनदा वाढतो, एकदा पाण्यात, एकदा घरी नेताना वाटेत आणि एकदा पाहुण्यांसमोर. त्यामुळे इथं सौदीत, ताइफच्या डोंगरात आमच्या गाडीला आडवं आलेलं वानर पहिल्या दिवशी कुत्र्याएवढं होतं. ईदपर्यंत ते वासराएवढं झालं. पुतणीच्या लग्नात तर ते बॉनेटवर बसून मला दात दाखवून गेलं, आणि ऐकणाऱ्या दोघांचा बिर्याणीचा घास हातातच राहिला.

चाचा समोरच बसले होते, गुडघा लांब करून. तेवढे मात्र हसले नाहीत.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जेद्दात, अल अझीझियातल्या एका अत्तराच्या दुकानात त्यांची तीस वर्षं गेली. गुलाबाच्या दिवसांत आम्ही दोघं पहाटे ताइफला जायचो, मळ्यातून गुलाबपाणी आणायला. मळ्याकडे जाणारा रस्ता अरुंद. त्यावरच्या एका वळणावर वानरांची टोळी बसायची. ही इथली वानरं, कुत्र्याच्या तोंडाची, खांद्यावर करड्या केसांची शाल पांघरलेली. चाचा दर खेपेला त्यांना खिडकीतून केळी टाकायचे. सवय लागेल त्यांना, असं मी म्हणायचो. लागू दे, म्हणायचे, इथं त्यांना तरी कोण विचारतंय.

चार वर्षांपूर्वी त्याच वळणावर, दाट धुक्यात, आमची गाडी खडकावर आदळली. चालवत मी होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. चाचांच्या गुडघ्याचे तुकडे झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, झालं काय? मी म्हणालो, वानर आडवं आलं.

"मीच सवय लावली," चाचा म्हणाले.

त्या दिवसापासून चाचांनी केळं तोंडात घातलं नाही. तोबाच केली. कुणी पुढे केलं तर मान फिरवायचे. आणि मी वानर वाढवत राहिलो.

डोंगरातली गाडी मी सोडली, पण हातांना चैन पडेना. म्हणून गाड्यांच्या शर्यतीचा तो खेळ घेतला, खऱ्यासारखा चालणारा. टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर पडदा. दिवाणखान्यात नुसतं स्टिअरिंग बघून पाहुणे बिचकतात. बायको त्यांना सांगते, बाकीची गाडी अजून बंदरात अडकलीय. पण खेळ असा अस्सल की चाक खडीवर गेलं तर तळहाताला खडी लागते. एकदा वळणावर असा झटका बसला की माझं मनगटी घड्याळ दोन तास पुढे गेलं.

त्यात कुठल्याशा परक्या देशातला घाट आहे. समोरून वाहनं येतात, हवं तर धुकंही पाडता येतं. आणखी एक सोय आहे: तुमची मागची फेरी अर्धवट पारदर्शक गाडी होऊन तुमच्या पुढे धावते. त्या गाडीला खेळातच भूत म्हणतात, हे नाव मी ठेवलेलं नाही.

पहिल्यांदा धुकं पाडलं त्या दिवशी अकराव्या वळणावर माझं भूत अलगद रस्त्याच्या डावीकडे सरकलं. तिथं, इथल्यासारखंच, उजवीकडून चालवायचं असतं. त्याच्यामागून माझेही हात डावीकडे गेले. धुक्यातून दोन दिवे आले. मी स्टिअरिंग सोडून दिलं, तर ते आपलं आपणच फिरत राहिलं.

वानर नव्हतं. आता लिहूनच टाकतो. कोकणातल्या घाटात मी बारा वर्षं टेम्पो चालवला, डाव्या अंगानं. धुक्यात काही दिसेनासं झालं की डोकं गाडी चालवत नाही, हात चालवतात. त्या सकाळी माझे हात गावी गेले होते. समोरून गुलाबाच्या टोपल्यांनी भरलेला पिकअप आला. मी स्टिअरिंग ओढलं, ते सरळ खडकात. चाचा तेव्हा वाकून पिशवीतली केळी काढत होते, त्यांनी काहीच पाहिलं नाही. पिकअप न थांबता धुक्यात विरघळला. त्या बिचाऱ्याला बहुतेक मीच भूत वाटलो असेन.

ते वळण मी नऊशे वेळा घेतलं. बरं, मोजली तर चाळीस भरतील. एकदा दात आवळून उजवीकडे राहिलो. पुढच्या फेरीला भूत शहाण्यासारखं उजवीकडून गेलं, आणि त्याच्याकडे बघता बघता मी डावीकडे गेलो.

मग चाचांच्या इकाम्याचा, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचा, शेवट आला. पंधरा दिवसांत कायमचं गावी जायचं होतं. शुक्रवारी नमाजनंतर जेवायला आले. जेवण झाल्यावर म्हणाले, ताइफ एकदा बघायचं होतं, पण त्या वळणावरून जायला मला तोंड नाही.

तोंड त्यांना नाही! मी म्हणालो, चला चाचा, इथूनच नेतो. त्यांना शेजारी खुर्ची दिली, धुकं पाडलं आणि निघालो. अकरावं वळण आलं. भूत डावीकडे सरकलं, मागून मी. दोन दिवे आले, धडक झाली, पडदा थिजला.

"परत दाखव," चाचा म्हणाले.

परत गेलो. या वेळी ते पडद्याकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते.

"वानर कुठाय?"

"नाहीये, चाचा."

"तिथं?"

"तिथंही नव्हतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. चाचा गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मी थोबाडीत बसायची वाट बघत होतो. ती बसली असती तर बरं झालं असतं.

"चार वर्षं मी केळं खाल्लं नाही," ते म्हणाले.

मी खालच्या दुकानातून केळी आणली. माझ्याकडे न बघता त्यांनी दोन खाल्ली, सावकाश. सालं माझ्या स्टिअरिंगवर टांगली. उठताना म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी ताइफ. गाडी तू चालवायचीस."

गेलो. ते वळण आलं आणि धुकंही आलं, जणू आमची वाट बघत थांबलं होतं. चाचांनी माझ्या उजव्या मनगटावर हात ठेवला, हकीम नाडी बघतो तसा. हात सरकू लागल्याचं मला कळलं. त्यांनाही कळलं. त्यांनी मनगट दाबलं. गाडी उजवीकडे राहिली.

आणि चार वर्षांपूर्वी मी ज्या जागी बसवलं होतं, बरोबर तिथं, रस्त्याच्या मधोमध एक वानर बसलं होतं. कुत्र्याएवढं. तसूभरही मोठं नाही. मी ब्रेक मारला. ते आमच्याकडे बघत राहिलं, मग उठून धुक्यात गेलं.

"बघितलंत, चाचा?"

चाचांच्या मांडीवर केळ्यांची पिशवी होती. काच बंद होती. ते समोर बघत होते.

"काय?" ते म्हणाले.