अडीच फुटी रुळांवरची खंडेनवमी

आमच्या मिलच्या गेटातून भंगार आत येतं आणि सळई बाहेर जाते. मधे जे काही घडतं त्याचा मी फोरमन. जालन्याच्या एमआयडीसीत माझी उमर गेली आणि या उमरीत काय काय वितळवलं म्हणून सांगू! बसगाड्यांचे सांगाडे, शिलाई मशिनी, नांगराचे फाळ, दवाखान्यातल्या खाटा. एकदा एका शाळेची घंटा आली होती. ती पितळेची निघाली म्हणून वाचली, बाकी कुणाला सूट नाही. माझा आवाजही कामाला साजेसाच आहे. मिलचा भोंगा बिघडला होता तेव्हा लोक माझ्या ओरडण्यावर पाळी बदलायचे, असं बायको पाहुण्यांना सांगते, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

अशा माणसाने एके दिवशी हात आडवा घालून गॅस कटरवाल्याला थांबवलं, हे कामगार अजून एकमेकांना रंगवून सांगतात.

होळी होऊन गेली होती. ट्रेलरवरून यार्डात एक वाफेचं इंजिन उतरलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात ते उसाने भरलेले डबे ओढायचं. नॅरोगेजचं, म्हणजे अडीच फुटी रुळांवर चालणारं. ट्रॅक्टरपेक्षा थोरलं आणि बसपेक्षा धाकटं. काम संपल्यावर कारखान्यातल्या लोकांनी ते शोभेला उभं केलं असावं, कारण अंगावर ऑइलपेंटचे थर चढले होते. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल. धुराड्यात साळुंकीचं घरटं होतं. कटरवाल्याने ज्योत बारीक केली, धुराड्याच्या बुडाशी नेली आणि मी बोंब ठोकली.

"ए, थांब! काय करून राह्यलास?"

"तुम्हीच तं सांगितलं ना सायब सकाळी, काप म्हून," तो म्हणाला. खरं होतं. मीच सांगितलं होतं.

का थांबवलं, ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं. घरी जाताना कळलं. माझा मामा परतूरला राहायचा. मी टेंभुर्णीचा, आमच्याकडे रेल्वे नावाला नाही, त्यामुळे मामाकडे जायचं म्हणजे इंजिन बघायला जायचं. तेव्हा त्या लायनीवर मीटरगेज होतं. इंजिन स्टेशनात पाणी प्यायला थांबलं की आम्ही पोरं जाळीला नाक लावून उभी. पुढे रूळ रुंद झाले, वाफेची इंजिनं गेली. कुठे गेली ते मी कधी विचारलं नाही. मी भंगारातला माणूस, मला विचारायची गरजच नव्हती. या धाकट्या इंजिनाकडे बघताना मात्र मला पहिल्यांदा वाटलं, आपण आयुष्यभर नुसतं वितळवलंच. एक तरी वस्तू राखावी.

हे शेठला सांगायची सोय नव्हती. शेठ म्हणजे मिलचे मालक. माणूस चांगला, पण लोखंडाकडे वजनानेच बघणारा.

"फोरमन, ते इंजिन कापलं न्हाई अजून?"

"शेठ, ते चालंल."

"चालंल म्हंजे?"

इथे माझी जीभ माझ्या पुढे पळाली. "खंडेनवमीला सोताच्या पायानं पूजेला येईल ते."

आमच्याकडे खंडेनवमीला मिल बंद असते. सगळी यंत्रं धुऊनपुसून, हार घालून, गेटापाशी मांडवात पूजा होते. शेठ हसले.

"ठीक आहे. पूजेपर्यंत आलं तं गेटापाशी ठेवू कायमचं. न्हाई आलं तं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टीत. आणि तुमच्याच हातानं टाकायचं, बरं का."

म्हणजे माझ्याच गळ्याला मी फास लावून घेतला होता.

बॉयलरचं काम मला येत नाही, हे मी इथे लिहितो, मिलमध्ये कधी कबूल केलं नव्हतं. म्हणून जुन्या जालन्यातल्या चाचांना बोलावलं. चाचा जन्मभर बॉयलर दुरुस्त करत आलेले, बोलायला माझ्यापेक्षा सवाई आणि बढाईखोर. आल्या आल्या त्यांनी इंजिनाला तीन फेऱ्या मारल्या, हातोडीने जागोजागी ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "फोरमन, हे तं जवान आहे. तुम्ही बुढे झालात." तिथेच आमचं जमलं. जमलं म्हणजे भांडण सुरू झालं.

मिलमधल्या माणसाला एकच औषध ठाऊक असतं. वाकलं? फेक, नवीन कर. दांडा झिजलेला दिसला की मी म्हणायचो, आपल्या लेथवर नवा करू, लागतंय काय. चाचा तो दांडा माझ्या हातातून हिसकावून घ्यायचे.

"सगळं नवं करसाल तं त्याचं काय राह्यलं? ते तुमचं इंजिन होईल, त्याचं न्हाई."

"आणि मोडला तं?"

"मंग रडा. पण आधी घासून तं बघा."

असं बोलणारे चाचाच एक दिवस चंदेरी रंगाचा डबा घेऊन आले. म्हणे, चांदीसारखं चमकलं पाहिजे. त्यावर मी जो ओरडलो तो शेजारच्या मिलमध्ये ऐकू गेला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोघांनाही करमेना. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो, तेव्हा चाचा जुना रंग खरवडत बसले होते आणि खालचा लाल निघाला होता. विटकरी, जरासा काळपट, सुंदर लाल. "हाच द्यायचा," चाचा म्हणाले, जणू ते पहिल्यापासून हेच सांगत होते.

बॉयलरमधल्या नळ्या मात्र बदलाव्याच लागल्या, त्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. मग पाणी दाबून बघायची चाचणी. ती बॉयलर इन्स्पेक्टरसमोर करावी लागते. पहिल्या वेळी जागोजागी धारा लागल्या, बॉयलरची पार झारी झाली. इन्स्पेक्टरची पॅन्ट भिजली. चाचांनी त्यांना स्वतःचा टॉवेल दिला आणि पुन्हा या म्हणाले. श्रावणात ते पुन्हा आले, आणि या वेळी लांब उभे राहिले. एक थेंब गळला नाही. दाब कमी ठेवायचा, या अटीवर त्यांनी परवानगी दिली आणि जाताना इंजिनाच्या पाठीवर थाप मारून गेले.

एक अडचण राहिली होती. पिस्टनचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून वाफ निसटू नये म्हणून दोरी ठासून भरावी लागते. बाजारातली दोरी बसेना, जाड होत होती. मी घरी जेवताना चिडचिड करत होतो. बायको समोर बसून नवरात्रासाठी वाती वळत होती. भोकरदनची ती, कुणाचं ऐकून घेणारी नाही.

"केवढी जाड पायजे?" तिने विचारलं.

"करंगळीएवढी. का, तू वळणार आहेस?"

"न्हाई तं काय तुम्ही वळणार?"

परतूरच्या जिनिंगमधला चांगला लांब धाग्याचा कापूस मी आणून दिला. तिने पेळू केले, मांडीवर वळले, तिपेडी वेणी घातली. चाचांनी ती चरबीत भिजवून ठासली. अशी बसली की चाचा म्हणाले, "भाभी, तुम्ही बॉयलरच्या लायनीत यायला पायजे होतं." तेव्हापासून बायको इंजिनाला 'आपलं इंजिन' म्हणू लागली आणि मी उशिरा घरी आलो तरी बोलेनाशी झाली.

आता रूळ. यार्डातून मांडवापर्यंत रूळ टाकायचे होते. हलके जुने रूळ आमच्याच भंगारात सापडले. हे काम मी कुणाला हात लावू दिलं नाही. म्हटलं, हे तरी आपलं आहे. खाली स्लीपरच्या जागी आडवे लोखंडी चॅनेल टाकले, टेप धरून अडीच फूट मोजले आणि रूळ चॅनेलांवर वेल्डिंग करून पक्के केले. इतके पक्के, की हत्ती चालवा.

अष्टमीच्या सकाळी क्रेनने इंजिन उचलून रुळांवर ठेवलं. एका बाजूची चाकं बसली, दुसऱ्या बाजूची रुळाच्या डोक्यावर चढून राहिली. इंजिन लंगड्यासारखं कलतं उभं! क्रेनवाल्याने पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. तेच. मी चाकांना शिव्या घातल्या, क्रेनवाल्याला घातल्या. मग चाचा वाकले, टेप घेतला आणि माझ्याकडे बघून इतके हसले की खाली बसले.

रुळांचं अंतर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं असतं. मी मोजलं होतं मधापासून मधापर्यंत. मिलमध्ये रोलर बसवताना आम्ही तसंच मोजतो, सेंटर टू सेंटर; वर्षानुवर्षं हात त्यालाच बसलेला. त्यामुळे माझी वाट एका रुळाच्या रुंदीएवढी अरुंद झाली होती. रेल्वेवाले रूळ खिळ्यांनी ठोकतात, काढून सरकवता येतात. आम्ही वेल्डिंगवाले. आम्हाला जोडायचं म्हटलं की कायमचंच जोडता येतं.

उद्या पूजा. साऱ्या उन्हाळ्या-पावसाळ्याची मेहनत माझ्या एका टेपने घालवली, आणि आता हेच लाल इंजिन मला माझ्या हाताने भट्टीत ढकलावं लागणार. मी तिथेच चॅनेलवर बसलो. इतका लाजलो होतो की ओरडणंही सुचेना.

"उठा फोरमन," चाचा म्हणाले. "लोक बघून राह्यले तुमच्याकडं."

लोक खरंच बघत होते. मिलची साफसफाई करायला आलेले सगळे हातात झाडू, फडकी घेऊन उभे. कटरवाल्याने नळी ओढत आणली आणि एका बाजूचा रूळ चॅनेलापासून सुटा करायला लागला. बाकीचे पहारी घेऊन आले. कापायचं, सरकवायचं, आतून मोजायचं, पुन्हा जोडायचं. प्रत्येक जण मोजून झाल्यावर मोठ्याने ओरडायचा, "आतून मोजलं हो सायब!" आणि सगळे हसायचे. मीही हसलो, करता काय! दिवस मावळेपर्यंत जेमतेम अर्धी वाट झाली आणि क्रेनने इंजिन तेवढ्या वाटेवर नीट बसवलं. सणाच्या दिवशी घरोघरी पूजा असते, माणसं थांबवून घेणं बरं नव्हतं. मी सगळ्यांना घरी पाठवलं.

नवमीला उजाडताच आम्ही आग घातली. कोळसा पेटला, पाणी तापलं, दाबाचा काटा हळूहळू चढू लागला. बायको झेंडूचा हार घेऊन आली आणि तिने तो धुराड्याला घातला. मांडवात गुरुजींची मांडामांड चालली होती. कामगार बायकापोरांसह आले होते. चाचांनी आगीकडे बघून मान हलवली.

मी वर चढून वाफ सोडायचा दांडा ओढला. खालून वाफ फुसकारली, पाणी उडालं. इंजिन जागचं हललं नाही. पुन्हा ओढला. नाही.

"अहो फोरमन," चाचा शांतपणे म्हणाले, "ब्रेक कोन सोडंल? तुमचा सासरा?"

हँडब्रेक लावलेलाच होता. मी तो सोडला आणि इंजिन निघालं.

कसं सांगू! आधी एक उसासा, मग दुसरा, मग चाकं फिरली आणि पायाखालचा पत्रा जिवंत झाला. लोकांनी जो कल्ला केला त्यात शिट्टी बुडाली. पोरं शेजारून धावू लागली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती, तिने वळलेली कापसाची वेणी वाफेचा एक धागा बाहेर सोडत नव्हती. मी आनंदाने काय ओरडत होतो मला आठवत नाही, पण चाचा म्हणतात, त्या सगळ्या शिव्याच होत्या.

मग रुंद रूळ संपले. मी इंजिन थांबवलं. मांडव पुढे तसाच लांब होता.

पोरं धावायची थांबली. सगळ्यांनाच अट माहीत होती. इंजिन पूजेपर्यंत आलं नव्हतं. मी खाली उतरलो. शेठ मांडवातून चालत आले, नव्या धोतरात, कपाळावर गंध. त्यांनी पुढचे रूळ बघितले, चाकं बघितली.

"इथून पुढं का न्हाई?"

"रूळ अरुंद झाले, शेठ. मोजण्यात चूक झाली. माझी."

शेठने बॉयलरवर हात ठेवला आणि चटका बसून झटकन काढला. मग धोतर सावरत वर चढले. चाचांनी शिट्टीची दोरी त्यांच्या हातात दिली. शेठने ओढली. सोडली. पुन्हा ओढली आणि सोडेनातच. मांडवातून गुरुजी हातवारे करत आले, मुहूर्त चालला म्हणाले.

"मुहूर्त इकडं आना," शेठ म्हणाले. "नारळ, ताट, सगळं इकडंच आना." मग वरून वाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि फोरमन, पुढचे रूळ कधी टाकता?"

"दिवाळीपर्यंत," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. भर यार्डात, सगळ्या कामगारांसमोर, शेठसमोर, बायकोसमोर मी हमसून हमसून रडलो. चाचांनी कॉलरला धरून मला वर ओढून घेतलं, कारण वाफ वाया चालली होती. पूजा झाली, नारळ फुटला. मग वाफ होती तोवर आम्ही ते इंजिन त्या अर्ध्या वाटेवर पुढे-मागे चालवत राहिलो.