कलतं घर

लोवेल टिबेट्सने नेब्रास्कात उभी हयात लोकांच्या घरी फरश्या बसवल्या. आपण बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी विचार करत बसते, असं तो स्वतःच सांगायचा. दुसरं कोणी कौतुक करील म्हणून वाट बघत बसणाऱ्यांतला तो नव्हता.

काम सोडल्यावर त्याने आणि रोंडाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पिकअपच्या पाठीवर टेकवून ओढायचा मोठा ट्रेलर घेतला आणि थंडीपुरते दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात येऊन राहिले. ट्रेलरला सहा पाय. बटण दाबलं की तेलाच्या दाबाने ते खाली उतरतात आणि घर आपोआप समतल होतं. दुसरं बटण दाबलं की त्याच तेलाच्या जोरावर बैठकीची भिंत सोफ्यासकट बाहेर सरकते आणि खोली ऐसपैस होते. लोवेलने निघताना सपाटी मोजायची आपली पाणसळ जावयाला देऊन टाकली. म्हणाला, "आता यंत्र बघून घेईल."

यंत्राने चांगलंच बघून घेतलं. तव्यात फोडलेलं अंडं मुकाट्याने एका कडेला जाऊन बसू लागलं. कपाटाचं दार आपलं आपण उघडायचं. "तवा वाकडा आहे," लोवेल म्हणाला. नवा तवा आला. मग तो म्हणाला, जमीन भुसभुशीत आहे. त्यांनी जागा बदलली. तरी सकाळी उठून चार पावलं टाकली की त्याचा तोल जायचाच. आता वाकडं असण्यासारखं एकच उरलं होतं, त्याचं डोकं.

तो गावातल्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, सरळ रेषेत चालवलं आणि सांगितलं, "ठणठणीत आहात."

तो परत आला आणि त्याच दुपारी बाहेर सरकलेली भिंत आत घेताना अर्ध्यावर कण्हून अडकली. शेजारचा मर्ल धावून आला. दोघांनी फ्यूज बघितला, बॅटरी बघितली. तेल कमी वाटलं म्हणून लोवेलने टाकी काठोकाठ भरली. भिंत बाहेर असताना तेल भरायचं नसतं, हे मर्ल सांगेपर्यंत त्याने पुन्हा बटण दाबलंही होतं. भिंत वीतभर आत आली आणि टाकीत परत आलेलं तेल तिथे न मावता उसळून त्याच्या पँटवर आलं.

रोंडा दारात उभी राहून बघत होती. "लोवेल, दवाखान्यात चालताना गरगरलं का रे तुला?"

"नाही."

"गाडीत?"

"नाही."

"मग आजारी कोण आहे, तू की घर? मर्ल, तुझ्याकडे पाणसळ आहे?"

मर्लने आणली. लोवेलने ती फरशीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. "ही खोटी आहे," असं म्हणत त्याने ती उलट फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला. पाणसळ खरी होती.

तेव्हा कुठे लोवेलला आठवलं. निघायच्या आधी नेब्रास्कातल्या घरासमोरच्या उतारावर ट्रेलर उभा होता, तेव्हा बटणांच्या पट्टीवर एक दिवा लुकलुकत होता. पुस्तिका न वाचता त्याने दोन बटणं दाबून धरली होती. दिवा विझला म्हणून खूश झाला. यंत्राला मात्र कळलं की मालक म्हणतात हीच सपाटी. तेव्हापासून बिचारं जाईल तिथे तो उतार इमानाने उभा करत होतं, आणि त्याला भिंत चढावर ओढावी लागत होती.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी डोकं तपासायला गेलो ते बरोबरच होतं. फक्त त्यांनी कान तपासले."

रोंडा हसून हसून पायरीवरच बसली.

मर्लची पाणसळ बघत त्याने एकेक पाय हाताने खालीवर केला, बुडबुडा मधोमध आणला आणि यंत्राला सपाटी नव्याने शिकवली. या वेळी पुस्तिका रोंडाने मोठ्याने वाचली. भिंत लोण्यासारखी आत गेली.

त्या संध्याकाळी मर्लच्या अंगणात शेकोटीभोवती लोवेलने ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना ऐकवली, नाहीतर रोंडाने ऐकवली असती. पुढचे काही दिवस मात्र त्या सपाट घरात तो भिंतीला धरून चालत होता.