गोळी न झाडायची मोहीम

सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स करताना माझा जो जिवलग मित्र झाला, तो कृष्णाकाठच्या एका जैन शेतकरी घरातला. मी वाईचा. तो पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार. आणि मी पडद्यावर दिसेल त्याला गोळी घालणार. तरी आमचं जमायचं, कारण दोघांना वेड एकाच खेळाचं होतं.

खेळ म्हणजे परग्रहावरचा एक तळ, त्यात शिरलेले अक्राळविक्राळ प्राणी, आणि पडद्याच्या तळाशी आपल्या हातातली बंदूक. मारत सुटायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि यंत्रं मोकळी असली की सर आम्हाला बसू द्यायचे. पुण्याहून कुणीतरी आणलेल्या सीडीत त्याच खेळासाठी आपल्या मनासारख्या मोहिमा रचायची सोय होती. मी ती उघडली आणि लगेच बंद केली. मला आयतं हवं असायचं. तो मात्र चिकटला. दुपारभर भिंती उभारायचा, दारं बसवायचा, प्राणी ठेवायचा, आणि उन्हं कलली की सगळं तसंच सोडून बोर्डिंगात जेवायला पळायचा.

मोहीम पुरी झाल्यावर त्यानं मला खेळायला बसवलं. मी सवयीनं पहिल्याच खोलीत गोळी झाडली. भिंतीकडे तोंड करून उभे असलेले सगळे प्राणी त्या आवाजानं जागे झाले आणि माझा निकाल लागला. पुन्हा खेळलो, पुन्हा मेलो. मग चिडलो.

"अरे, ही जिंकायची तरी कशी?"

"झाडू नको. गुमान मागनं जा."

"मग बंदूक कशाला दिलीस?"

"ती मूळच्या खेळातच हाय गड्या. मला काढता येत न्हाई."

मला हसू आवरेना. म्हटलं, उद्या या राक्षसांना पाणीसुद्धा गाळून देशील. तो हसला नाही. पण न झाडता चालायला लागलो तेव्हा माझंही हसू थांबलं. हातात बंदूक असताना ती न चालवणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. बोट सारखं शिवशिवायचं.

तेवढ्यात गावाकडून निरोप आला. त्याच्या वडिलांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की पोरगं सांगलीत दिवसभर यंत्रावर जीव मारत बसतं. बाजाराच्या दिवशी येतो, अंथरूण बांधून ठेव, असा तो निरोप होता. कोर्स अर्धा झालेला. मित्राचं तोंड एवढंसं झालं.

"आण्णांस्नी मोहीमच दावतो," तो म्हणाला. "पण चालीव तू. माझं हात कापतील."

माझ्या एका गोळीवर त्याचं शिक्षण टांगलेलं होतं.

आण्णा आले ते काखेत रिकामं पोतं आणि हातात दोरी घेऊन, वळकटी बांधायच्या तयारीनंच. खुर्चीवर बसले, दोरी पायाशी ठेवली आणि पडद्याकडे बघत राहिले.

"ह्यास्नी मारायचं न्हाई?"

"न्हाई, आण्णा."

"नांगराखाली किडं मरत्यात, ते मला ठावं हाय. पण ते काय मी ठरवून मारत न्हाई. म्हणून इचारलं."

मी एकेक खोली ओलांडत गेलो. शेवटी एक अरुंद बोळ होता आणि समोरून एक प्राणी चालत येत होता. हे ठिकाण मला तोंडपाठ होतं, तरी बोट बंदुकीच्या बटणावर गेलंच. आण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांब रं! सरक बाजूला. वाट दे त्याला."

मी कोनाड्यात सरकलो. प्राणी समोरून निघून गेला आणि बोळाच्या टोकाचं दार उघडलं.

"उसात साप निघाला तर आमी ह्येच करतो," आण्णा म्हणाले.

"तिथंच शिकलो," मित्र हळूच बोलला.

आण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, "पयल्यापासनं दाव."

मी पुन्हा खेळलो. मध्येच थांबवून ते मित्राला विचारायचे, ही भिंत कशी केलीस, ह्यो दिवा कुठनं आणलास. तो सांगत होता आणि सांगता सांगता त्याचा आवाज मोकळा होत गेला. आम्ही उठलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. बाप-लेकांनी एकदमच खिडकीकडे बघितलं.

"आण्णा, तुमचं जेवाण ऱ्हायलं."

"तुजं बी," आण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे आजच्या दिस."

मी चहाचं विचारणार होतो, पण जीभ चावली. आता सकाळपर्यंत दोघं पाण्याचा घोटही घेणार नव्हते. जन्मात न मोडलेली जेवणाची वेळ त्या माणसानं पोराच्या भिंती बघण्यात घालवली होती.

आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. परत चल, असं ते एकदाही म्हणाले नाहीत आणि आम्हीही तो विषय काढला नाही. बस लागली तशी त्यांनी पोतं काखेत मारलं आणि दोरी मित्राच्या हातात दिली.

"कापडं वाळत घालाय हुईल," एवढं बोलून ते चढले.

कोर्स संपेपर्यंत बोर्डिंगातल्या त्याच्या खोलीत त्याचे कपडे त्याच दोरीवर वाळत असायचे.